चारशेच्या वर जाईना

कॉलेजातल्या ज्या विद्यार्थ्यांना ऐकू येत नाही त्यांच्यासाठी शिक्षकांचं बोलणं जागच्या जागी टाइप करायचं आणि समोरच्या पडद्यावर अक्षरांत उमटवायचं, हे काम अक्षरबाई एकोणीस वर्षं करत होत्या. त्यांच्याकडे बावीस कळांचा एक छोटा कळफलक होता. चार-पाच कळा एकदम दाबल्या की लॅपटॉप तो ठोका शब्दकोशात शोधायचा आणि अख्खा शब्द पडद्यावर टाकायचा. शब्दकोश बाईंनी स्वतः वाढवत नेलेला, सव्वा लाख नोंदींचा. बोलणारा कितीही घाईत असला तरी त्याचं वाक्य संपायच्या आत पडद्यावरचं वाक्य संपलेलं असे. त्यांचं खरं नाव हजेरीपटापुरतं उरलं होतं. शिपायापासून प्राचार्यांपर्यंत सगळे त्यांना अक्षरबाईच म्हणत.

त्या गुरुवारी औद्योगिक सुरक्षेची तोंडी परीक्षा होती. बाहेरून परीक्षक आले होते. बाईंच्या पडद्यावर अवलंबून असलेला एकच विद्यार्थी होता, पंचेचाळिशीचा. सतरा वर्षं कारखान्यात लेथ यंत्रावर काढल्यावर त्याचे कान गेले होते. कारखान्याने त्याला घरी बसवलं, तेव्हा त्याने हा अभ्यासक्रम घेतला. पुढे सुरक्षा निरीक्षक होऊन कारखान्यांच्याच दारात उभं राहायचं हे त्याने ठरवून टाकलं होतं. लेथवरचा कारागीर म्हणून वर्गात सगळे त्याला टर्नर म्हणत. कान उशिरा गेल्यामुळे तो बोलायचा व्यवस्थित, फक्त आवाज किती चढलाय ते त्याला कळत नसे.

परीक्षकांनी पहिला प्रश्न विचारला. बाईंची बोटं चालली. पडदा मात्र कोराच राहिला. टर्नर पडद्याकडे बघत होता आणि परीक्षक टर्नरकडे. दहा-बारा सेकंद वाट पाहून परीक्षकांनी मान हलवली आणि दुसरा प्रश्न विचारला. तेवढ्यात पडद्यावर पहिला उमटला. टर्नरने खणखणीत आवाजात त्याचं बिनचूक उत्तर दिलं. परीक्षकांनी भुवया वर केल्या आणि तिसऱ्याकडे वळले. मग पडद्यावर दुसरा आला. टर्नरने त्याचंही बरोबर उत्तर दिलं.

अशी पंधरा मिनिटं गेली. आग कुठली आणि ती कशाने विझवायची, असं विचारलं की टर्नर उंचावरून पडण्याबद्दल सांगायचा. बाईंनी दोनदा हात वर करून, "सर, जरा थांबता का, अक्षरं मागे राहतायत," असं म्हटलं. परीक्षक हसून म्हणाले, "अहो, पण त्यांनी अभ्यास केला असेल तर पडदा कशाला लागतो?" ते वाक्यही बाईंनी टाइप केलं, कारण जे ऐकू येतं ते सगळं लिहायचं असा त्यांचा नियम होता. ते पडद्यावर आलं तेव्हा परीक्षक सही करून उठलेही होते. पंचवीसपैकी सात गुण.

टर्नर पडद्यासमोर उभा राहून ते वाक्य दोनदा वाचत राहिला. मग बाईंच्या टेबलापाशी आला आणि सगळ्या मजल्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "बाई, दोन महिने मी गप्प बसलो. हात चालत नसतील तर सांगायचं तसं. माझं वर्ष कशाला घालवता?"

बाईंचा चेहरा लालबुंद झाला. हात चालत होते. आपण वेळेत ठोके देतोय आणि लॅपटॉप ते गिळून बसतोय, हे त्यांना बोटांच्या टोकांपर्यंत कळत होतं. पण हे सांगायचं तर तेही टाइप करावं लागलं असतं, आणि ते दहा सेकंदांनी उमटलं असतं. त्यांनी लॅपटॉप बंद केला, वायर गुंडाळली आणि बाहेर पडल्या.

संगणक विभागाच्या प्रमुखांना सगळे पासवर्ड साहेब म्हणत. कॉलेजातल्या प्रत्येक यंत्राला त्यांनी पासवर्ड घातला होता आणि तो मागायला माणूस गेला की ते आधी त्याला बसवून घेत. सुट्टीनंतर कॉलेज उघडल्यापासून बाई त्यांच्याकडे चार वेळा जाऊन आल्या होत्या. पहिल्यांदा ते म्हणाले की पडदा जुना आहे. दुसऱ्यांदा, बॅटरी जुनी झालीय, भरत नाही, वायर लावूनच चालवा. तिसऱ्यांदा, तुमचा शब्दकोश फार मोठा झालाय, कमी करा. चौथ्यांदा त्यांनी हात झटकले.

शुक्रवारी सकाळी टर्नरची लेखी तक्रार प्राचार्यांच्या टेबलावर आली, आणि दुपारी बाईंच्या हातात पत्र पडलं. पुढच्या महिन्यापासून वर्गातलं बोलणं आपोआप लिहिणारं सॉफ्टवेअर वापरलं जाईल. अक्षरबाईंना 'वयोमानानुसार झेपेल असं' दुसरं काम देण्यात येईल. काही म्हणायचं असल्यास सोमवारी अकरा वाजता हजर राहावं.

बाई पत्र घेऊन थेट पासवर्ड साहेबांच्या खोलीत गेल्या.

"वयोमानानुसार हे कुणी सुचवलं?"

"बसा ना, बाई."

"मी उभी बरी आहे."

"हे बघा," पासवर्ड साहेब खुर्चीत मागे रेलत म्हणाले, "अख्ख्या कॉलेजात तुमचा एकच लॅपटॉप लिनक्सवर चालतो. ती फुकट मिळणारी सिस्टिम, घरच्या माणसाने घालून दिलेली. मी तेव्हाच सांगितलं होतं, उद्या काही झालं तर माझ्याकडे येऊ नका. आता झालं. त्यात माझी काय चूक?"

"तीन वर्षं तीच सिस्टिम पळत होती."

"यंत्रं थकतात, बाई. माणसंही थकतात."

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण रागावल्या की त्यांचा आवाज बारीक होई आणि शब्द सुचत नसत. त्या तशाच घरी गेल्या. रात्री त्यांनी सगळी भांडी पुन्हा घासली.

घरचं माणूस म्हणजे त्यांची नणंद. वरच्याच मजल्यावर राहायची. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये तीस वर्षं दुरुस्ती विभागात काढून निवृत्त झालेली. अक्षरबाई तिला ताई म्हणत आणि जरा दबूनही असत. ताईंचा आवाज मोठा, राग त्याहून मोठा, आणि तो यायला कारण लागत नसे. लॅपटॉपवर लिनक्स त्यांनीच घातलं होतं. विकतच्या सिस्टिममध्ये बाईंचा बावीस कळांचा कळफलक नीट चालेना, म्हणून ताईंनी आठवडाभर बसून सगळं जुळवून दिलं होतं. त्याचा त्यांना कोण अभिमान.

शनिवारी दुपारी जेवणं आटोपल्यावर बाई वर गेल्या. लॅपटॉप आणि पत्र दोन्ही ताईंच्या टेबलावर ठेवलं.

"तुमच्या त्या फुकटच्या प्रकारापायी माझी नोकरी चाललीय, ताई," त्या म्हणाल्या. हे वाक्य जिना चढताना त्यांनी तीनदा म्हणून पाहिलं होतं.

ताईंनी पत्र वाचलं. चष्मा काढून पुसला आणि पुन्हा वाचलं.

"प्रकार?"

"सगळे तेच म्हणतायत."

"सगळे म्हणजे कोण? तो पासवर्डवाला? त्याला साधी वायर सोलता येत नाही. त्याच्या तोंडचं उचलून तू माझ्या घरात येऊन मला सुनावतेस?"

"सुनावत नाहीये. एका माणसाचं वर्ष गेलं. त्याने सगळ्यांसमोर माझे हात काढले. माझे हात."

"मग त्याला जाऊन सांग."

"त्याला ऐकू येत नाही, ताई."

 दुसरी वेळ असती तर दोघींना हसू आलं असतं. ताईंनी खुर्ची ओढली, लॅपटॉप स्वतःकडे वळवला आणि म्हणाल्या, "बस इथे. माझं चुकलं असेल तर मी स्वतः सोमवारी येऊन कबूल करीन. नसेल तर त्या पासवर्डवाल्याचं काय करायचं ते मग बघू. वायर लाव."

ताईंनी पडद्यावर काळी खिडकी उघडून त्यात एक आज्ञा टाइप केली. आकड्यांची एक ओळ आली आणि दर सेकंदाला बदलू लागली. बदलू लागली म्हणजे, तोच आकडा पुन्हा पुन्हा येऊ लागला. चारशे. चारशे. चारशे.

"हे काय आहे?" बाईंनी विचारलं.

"प्रोसेसरचा वेग. काम नसेल तेव्हा तो हळू चालतो, काम आलं की पळतो. कमी-जास्त आपोआप होतं. तुझा हा दोन हजार नऊशेपर्यंत जातो, मी स्वतः पाहिलाय. आता काहीतरी टाइप कर, भरभर."

बाईंनी कळफलक जोडला आणि तोंडपाठ असलेला एक उतारा बडवायला घेतला. राग होताच, ठोके एरवीपेक्षा जोरात पडत होते. आकडा चारशेचा चारशे. अक्षरं मुंगीच्या पावलांनी येत राहिली.

ताईंचे कान लाल झाले. लिनक्समध्ये वेग किती ठेवायचा हे ठरवणारा एक भाग असतो, तो काटकसरीवर होता. त्यांनी तो पूर्ण जोरावर टाकला. फरक नाही. वरची मर्यादा कुणी खाली ओढलीय का ते पाहिलं. मर्यादा जागेवर, दोन हजार नऊशे. तापमान पाहिलं, कारण तापलं तरी प्रोसेसर दमाने घेतो. बेचाळीस अंश, गारच. तरी मागचं झाकण उघडून पंख्यातली धूळ ब्रशने काढली. झाकण लावलं. चारशे.

मग त्यांनी जे केलं त्यासाठी बाईंना त्यांचं पुढे कौतुक वाटलं. स्वतःची चूक सापडू शकेल अशी तपासणी त्यांनी टाळली नाही. कपाटातून पेनड्राइव्ह काढला, त्यावरून लिनक्सची दुसरीच, जुनी आवृत्ती सुरू केली. ताईंनी घातलेलं काहीही तिच्यात नव्हतं. आकडा आला चारशे.

"लिनक्स वेग मागतंय," ताई दात आवळून म्हणाल्या. "इथे दिसतंय बघ, पूर्ण वेगाची मागणी केलीय. खालून कुणीतरी देत नाहीये."

"खालून म्हणजे?"

"ते कळलं असतं तर मी बोंबलत बसले असते का?"

"माझ्यावर कशाला ओरडता?"

"तुझ्यावर नाही ओरडत. सूर्य मावळायला आला, मला खिडकीपाशी नेऊन आत बघायचंय आणि ही वायर पुरत नाहीये." असं म्हणत ताईंनी रागाने वायर हिसडली. पिन लॅपटॉपमधून निघून टेबलाच्या पायावर आपटली.

"ताई," बाई म्हणाल्या. "आकडा."

पडद्यावर दोन हजार आठशे ऐंशी होतं.

ताईंनी पिन पुन्हा लावली. चारशे. काढली. दोन हजार नऊशे. लावली. चारशे. असं त्यांनी सात वेळा केलं. आठव्यांदा बाईंनी स्वतः करून पाहिलं. मग वायर काढून ठेवून तोच उतारा पुन्हा टाइप केला. बोट उचलायच्या आत शब्द पडद्यावर होता. दोन महिन्यांत पहिल्यांदा त्यांना आपलेच हात ओळखीचे वाटले.

"बॅटरी किती आहे?"

"चौतीस टक्के. दोन महिने चौतीसच आहे. वर जातच नाही."

"आणि हे तू मला आत्ता सांगतेस."

"जुनी झाली म्हणाले ते. मी विश्वास ठेवला."

ताईंनी चार्जरचा ठोकळा हातात घेतला. काळा, चौकोनी, कुठल्याही लॅपटॉपला असतो तसा. त्यावर कॉलेजचा मोठा पांढरा स्टिकर होता, क्रमांक एकशे सतरा. ताईंनी नखाने कोपरा सोडवून तो हळूहळू सोलला. खाली मूळ छापील माहिती होती. कंपनी वेगळी. ताकद पंचेचाळीस वॅट. लॅपटॉपच्या पोटावर लिहिलं होतं, नव्वद.

"हा तुझा चार्जर नाही."

बाईंना आठवलं. सुट्टीच्या आधी पासवर्ड साहेबांनी सगळ्या विभागांचे चार्जर मागवून घेतले होते, क्रमांकाचे स्टिकर लावायचे म्हणून. दोनशे चार्जर एका खोक्यात गेले होते. परत आले ते यादीतल्या क्रमांकाप्रमाणे. कुणाचा कुणाला गेला हे पाहायला मूळ मजकूर दिसायला हवा होता, आणि स्टिकर तर नेमका त्याच्यावर चिकटवलेला.

"लॅपटॉप चार्जरला ओळख विचारतो," ताई सांगू लागल्या. "ओळख पटली नाही, तर तो म्हणतो, मी बॅटरी भरणार नाही आणि धावणारही नाही. जेमतेम जिवंत राहतो. बरोबरच आहे त्याचं. या एवढ्याशा ठोकळ्यातून नव्वद वॅट ओढले तर ठोकळा पेटेल."

"मग सोमवारपुरतं जबरदस्तीने पळवता येईल का?"

"येईल. एक आज्ञा आहे. पण मी देणार नाही. वर्गात धूर निघाला तर तेही तुझ्याच नावावर." ताई थांबल्या. त्यांचा आवाज एकदम खाली आला, आणि तो खाली आला की बाईंना जास्त भीती वाटे. "पण एक कळत नाही. असा परका चार्जर असला की लॅपटॉप सुरू होतानाच मोठी सूचना येते. बटण दाबल्याशिवाय पुढे जात नाही. तुला कधी आली?"

"कधीच नाही. कॉलेज उघडल्यावर पहिले दोन दिवस लॅपटॉप त्यांच्याकडेच होता, तपासणीला म्हणून."

ताईंनी लॅपटॉप बंद करून पुन्हा सुरू केला आणि एक कळ दाबून धरली. लिनक्सच्याही आधीचा, यंत्राच्या स्वतःच्या मांडणीचा निळा पडदा आला. काही बदलायचं तर पासवर्ड हवा होता, नुसतं पाहायला नको होता. ताई एकेक पान खाली जात राहिल्या. चौथ्या पानावर थांबल्या आणि बोट ठेवलं.

'अनोळखी चार्जरची सूचना: बंद.'

"हे आपोआप बंद होतं?" बाईंनी विचारलं.

"नाही. आत जाऊन, पासवर्ड टाकून, हाताने बंद करावं लागतं."

ताईंनी लॅपटॉप मिटला. मग ताई म्हणाल्या, "एक्स्चेंजमध्ये एकजण होता. धोक्याची घंटा वाजायची म्हणून त्याने घंटेची वायर काढून ठेवली होती. मी त्याला सगळ्यांसमोर ती वायर पुन्हा जोडायला लावली. नंतर दोन वर्षं तो माझ्याशी बोलला नाही. बरं वाटलं."

बाईंनी सोललेला स्टिकर उचलला, आपल्या पत्राच्या मागे चिकटवला आणि पत्राची घडी घालून पर्समध्ये ठेवली.  

सोमवारी अकरा वाजता प्राचार्यांच्या खोलीत पाचजण होते. प्राचार्य, पासवर्ड साहेब, टर्नर, अक्षरबाई आणि ताई. ताईंना बघून पासवर्ड साहेबांनी विचारलं, "या कोण?"

"फुकटची सिस्टिम," ताई म्हणाल्या आणि खुर्ची ओढून बसल्या.

बाईंनी लॅपटॉप भिंतीवरच्या पडद्याला जोडला, एकशे सतरा क्रमांकाचा चार्जर लावला आणि कळफलकावर हात ठेवले. "तक्रार या गृहस्थांची आहे. तेव्हा इथलं बोलणं त्यांना वाचता आलं पाहिजे," त्या म्हणाल्या. प्राचार्यांना नाही म्हणता येईना.

प्राचार्य भला माणूस, पण वाद झाला की त्यांना घाम फुटे. त्यांनी बाईंच्या सेवेबद्दल चार चांगले शब्द बोलून घेतले. पासवर्ड साहेबांनी नव्या सॉफ्टवेअरचे फायदे सांगायला सुरुवात केली. पडद्यावर प्राचार्यांचे चांगले शब्द अजून रांगत होते.

"बघा," पासवर्ड साहेब पडद्याकडे हात करून म्हणाले. "हेच मी म्हणतोय."

"नवं सॉफ्टवेअर मी मागच्या आठवड्यात वर्गातल्या चाचणीत पाहिलं," टर्नर मधेच गरजला. त्याने समोरचं काही वाचलं नव्हतं, त्याला जे सांगायचं होतं ते तो घेऊनच आला होता. "सर वर्गात म्हणाले, बॉयलरवरचा दाब वाढला की झडप उघडते. त्याने लिहिलं, बायकोवरचा दाब वाढला. मला ते नको. मला ही बाईच पाहिजे, पण वेळेवर पाहिजे."

बाईंनी टर्नरकडे पाहिलं. मग लॅपटॉपची पिन उपसून टेबलावर ठेवली आणि पासवर्ड साहेबांना म्हणाल्या, "तुम्ही बोला, साहेब. काय म्हणत होतात?"

"मी म्हणत होतो की मूळ अडचण या लिनक्सची आहे. जगात कुठेही—"

ते बोलत होते आणि पडद्यावर तेच उमटत होतं, ओठांच्या बरोबरीने. टर्नरची नजर साहेबांच्या तोंडावरून पडद्यावर आणि पडद्यावरून तोंडावर जाऊ लागली. पासवर्ड साहेब अडखळले. पडद्यावरचं वाक्यही तिथेच थांबलं.

ताईंनी थोडक्यात सांगितलं. चारशे आणि दोन हजार नऊशे. पंचेचाळीस आणि नव्वद. स्टिकर. बंद केलेली सूचना. त्यांनी आवाज चढवला नाही, आणि बाईंनी त्यातला प्रत्येक शब्द पडद्यावर टाकला. प्राचार्य ऐकत होते, टर्नर वाचत होता.

"हे लिनक्समध्येच होतं," पासवर्ड साहेब म्हणाले. "इतर कुणाची तक्रार नाही."

"ग्रंथालयातल्या बाईंना फोन लावा, सर," अक्षरबाई प्राचार्यांना म्हणाल्या. "त्यांचं यंत्रही सुट्टीपासून रखडतंय आणि त्यांच्याकडे नेहमीची विकतची सिस्टिम आहे. वायर काढून चालवून बघा म्हणावं."

प्राचार्यांनी फोन लावला. पलीकडून आधी बराच वेळ तक्रारच ऐकू आली. मग वायर काढल्याचा खट् आवाज. मग ग्रंथपालबाईंचा आवाज सगळ्यांना ऐकू आला, "अहो, हा तर पळायला लागला. दोन महिने मी पुस्तकं हाताने नोंदवतेय आणि मला सांगितलं होतं की माझं टाइपिंग हळू आहे."

फोन खाली ठेवल्यावर पासवर्ड साहेब प्राचार्यांच्या कानाशी वाकले आणि हलक्या आवाजात म्हणाले, "सर, हे आपण नंतर आपसात बघू. त्या बहिऱ्यापुढे किती वेळ घालवायचा."

बाईंनी ऐकलं. जे ऐकू येतं ते लिहायचं. बोटं थांबली नाहीत.

'त्या बहिऱ्यापुढे किती वेळ घालवायचा' हे शब्द भिंतीवर हातभर उंचीने उभे राहिले.

टर्नर उठला. तो ओरडला असता तर कुणाला नवल वाटलं नसतं. त्याने चक्क आवाज दाबला. इतका, की प्राचार्यांना पुढे झुकावं लागलं.

"सतरा वर्षं," तो म्हणाला, "आमच्या वर्कशॉपमध्ये आवाज मोजायचं मीटर होतं. लाल दिवा लागायचा. फोरमनने त्यावर कापड टाकलं होतं, कामगार उगाच घाबरतात म्हणून." त्याने पासवर्ड साहेबांकडे बोट केलं. "सूचना का बंद केली ते सांगा. यांच्या हातांनी लिहू द्या, मला वाचायचंय."

पासवर्ड साहेबांनी प्राचार्यांकडे पाहिलं. प्राचार्यांनी पहिल्यांदाच नजर दुसरीकडे वळवली.

"सुट्टीनंतर दर पाच मिनिटांनी फोन यायचे," साहेब शेवटी म्हणाले. "सुरू करताना काहीतरी येतंय, काहीतरी येतंय. दोनशे चार्जर पुन्हा जुळवायला माणसं कुठे आहेत माझ्याकडे? चालत होती ना यंत्रं. म्हणून बंद केली."

"किती यंत्रांवर?" ताईंनी विचारलं.

"सगळ्या."

ते सगळं भिंतीवर आलं. टर्नरने ते खालपर्यंत वाचलं आणि तो बाईंकडे वळला. "मी तुमच्या हातांबद्दल बोललो," तो म्हणाला.  बाईंनी नुसती मान हलवली. माफ केलं असं त्यांना म्हणवेना, कारण अजून दुखत होतं.

प्राचार्यांनी रुमालाने कपाळ पुसलं. "झालं गेलं विसरून जाऊ. बाईंचं पत्र मागे घेतलं असं समजा."

"समजणार नाही," बाई म्हणाल्या. आवाज बारीकच होता, पण शब्द सापडत होते. "मी विसरेनही, सर, पण फाईल विसरत नाही. वयोमानानुसार हा शब्द चूक होता, असं लेखी द्या. आणि यांची तोंडी परीक्षा पुन्हा. त्या सात गुणांत त्यांचा अभ्यास कुठेच नाही."

"परीक्षक बाहेरचे आहेत, त्यांना पुन्हा बोलावणं म्हणजे..."

"बोलवा," टर्नर म्हणाला. या वेळी तो मोठ्याने बोलला, आणि दाराबाहेरचा शिपाई आत डोकावला.

पत्र मिळायला नऊ दिवस लागले. त्यात 'वयोमानानुसार' हा शब्द 'अनवधानाने' आल्याचं लिहिलं होतं. ताईंनी ते वाचून इतक्या शिव्या दिल्या की बाईंना खिडकी लावून घ्यावी लागली. बाईंनी प्राचार्यांकडे ते परत नेलं आणि 'चुकीने' असं करून घेतलं.

चार्जर शोधायला स्टिकर सोलणं भाग होतं, आणि ते काम पासवर्ड साहेबांना स्वतः करावं लागलं. बाईंचा मूळ चार्जर परीक्षा विभागात सापडला. साहेबांनी तो शिपायाकरवी पाठवला. स्वतः आले नाहीत, चूक झाली असं तर कधीच म्हणाले नाहीत. अजून ते त्याच खोलीत बसतात. जिन्यात समोर आले की मान लववतात. बाई लववत नाहीत.

तोंडी परीक्षा पुढच्या महिन्यात झाली. तेच परीक्षक आले होते, कपाळावर आठ्या घेऊन. त्यांनी पहिला प्रश्न विचारला आणि तो संपायच्या आत टर्नरचं उत्तर सुरू झालं. तिसऱ्या प्रश्नावर दोघांचं वाजलं. धुळीच्या स्फोटाबद्दल परीक्षक जे म्हणत होते ते टर्नरला मान्य नव्हतं, कारण त्याने तो प्रकार पुस्तकात नव्हे, शेजारच्या कारखान्यात पाहिला होता. परीक्षक बोलायचे, शब्द पडद्यावर यायचे, आणि टर्नर मधेच त्यांना तोडायचा. ते पुन्हा बोलायचे. दोघांचे आवाज चढत गेले. बाईंना श्वास घ्यायला फुरसत नव्हती.

शेवटी परीक्षकांनी पेन खाली ठेवलं. "तुमचं म्हणणं मला पटलेलं नाही," ते म्हणाले, "पण तुम्हाला विषय येतो." त्यांनी एकोणीस गुण दिले.

टर्नरने आकडा पाहिला आणि म्हणाला, "तिसऱ्याचे पूर्ण मिळायला हवे होते."

बाईंनी तेही टाइप केलं.